ठणका थांबला, पण हाड झिजत राहिलं

दाताचा ठणका थांबला की दात बरा झाला, हा समज फार पक्का आहे. रात्रभर झोपू न देणारी कळ अचानक नाहीशी होते आणि माणूस सुटकेचा श्वास टाकतो. बऱ्याचदा तेव्हा दाताच्या आतला, नसा आणि रक्तवाहिन्या असलेला गर मेलेला असतो. आत शिरलेले जिवाणू मात्र जिवंत असतात. आत रक्तपुरवठाच उरला नसल्याने पांढऱ्या पेशी त्यांच्यापर्यंत जाऊ शकत नाहीत आणि गोळ्यांमधलं प्रतिजैविकही पुरेसं पोचत नाही.

जिवाणू नसते तर? १९६५ साली काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झजेराल्ड यांनी उंदरांच्या दाढांना भोक पाडून गर उघडा केला. नेहमीच्या उंदरांत गर सडून मुळाशी गळू झालं. जंतुमुक्त वातावरणात वाढलेल्या उंदरांत उघड्या गरावर नव्या दंतिनाचा, म्हणजे दात ज्याचा बनलेला असतो त्या कठीण पदार्थाचा, थर चढला. म्हणजे गर सडवतात ते जिवाणूच; दातातून ‘अळ्या’ काढून दाखवणारे लोक सरळ फसवणूक करतात. दाताला अळी लागतच नाही.

मुळाच्या टोकाला बारीक छिद्र असतं. त्यातून जिवाणूंचे विषारी अंश बाहेर झिरपतात. तिथे रक्त आहे, म्हणून लढाईही तिथेच होते. आधी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात, जिवाणू गिळतात आणि मरतात. पू होतो तो मुख्यतः त्यांचाच. मागोमाग मॅक्रोफेज, टी-पेशी आणि बी-पेशी या इतर पांढऱ्या पेशी जमतात.

आता खरी गंमत. हाड जिवाणू खात नाहीत; आपल्याच शरीरातल्या पेशी ते हाड विरघळवतात. मॅक्रोफेज इंटरल्युकिन-१ आणि टीएनएफ हे रासायनिक संदेश सोडतात. ते मिळाले की हाड घडवणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशी रँक-एल नावाचं प्रथिन जास्त तयार करतात. चेतलेल्या टी-पेशींवरही ते असतं. मॅक्रोफेजच्याच कुळातल्या पूर्वज पेशींवर त्याचा जोडीदार, रँक, असतो. दोघं जुळले की या पूर्वज पेशी एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांची अवाढव्य ऑस्टिओक्लास्ट पेशी बनते. ती हाडाला घट्ट चिकटते, खालची जागा बंद करून तिथे आम्ल ओतते, खनिज विरघळवते आणि उरलेलं कोलॅजन हे प्रथिन कॅथेप्सिन-के या विकराने (एन्झाइमने) तोडते. याला आवर घालणारं प्रथिनही शरीरातच आहे: ऑस्टिओप्रोटेगेरिन. ते रँक-एलला आधीच पकडून ठेवतं. या दोघांचं प्रमाण रँक-एलकडे झुकलं की हाड झिजू लागतं.

हा नुसता बिघाड नाही. घट्ट हाडात पेशींच्या फौजेला जागा नसते. हाड मागे सरतं आणि तिथे रक्तवाहिन्यांनी भरलेली मऊ ऊती तयार होते, जी संसर्गाला जबड्यात पसरण्यापासून बऱ्याच अंशी रोखते. एक्स-रेवर मुळाशी दिसणारी काळी सावली ती हीच. मात्र बरंच खनिज गेल्याशिवाय ती दिसत नाही, त्यामुळे सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ असला तरी तेवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही.

रूट कॅनाल उपचारात या सावलीला कुणी हात लावत नाही. दाताच्या आतली नळी साफ करून बंद करतात. संदेश पाठवायला कारण उरत नाही, रँक-एल ओसरतं, ऑस्टिओक्लास्ट मरतात आणि ऑस्टिओब्लास्ट रिकाम्या जागेत पुन्हा हाड भरू लागतात. मोठी सावली पूर्ण भरायला काही वर्षंही लागतात, म्हणून उपचारानंतर ठरावीक काळाने पुन्हा एक्स-रे काढतात.