कॅनडाचं हेल्थ कार्ड आणि स्विफ्ट करंट: थोडी पार्श्वभूमी

कॅनडात राहणाऱ्या आपल्या लोकांकडे हेल्थ कार्ड असतं (ते दाखवलं की डॉक्टर आणि हॉस्पिटलचा खर्च सरकारी विम्यातून होतो) आणि त्याचा विषय निघाला की सगळे टॉमी डग्लस, म्हणजे सस्कॅचेवान प्रांताचे एकेकाळचे प्रीमियर (मुख्यमंत्री), यांचं नाव घेतात. चूक नाहीये ते, पण मला मनापासून वाटतं की निम्मं श्रेय तरी सस्कॅचेवानच्या नैऋत्येला असलेल्या स्विफ्ट करंट ह्या छोट्याशा शहराला आणि त्याच्या आसपासच्या खेड्यांना मिळायला हवं.

हा सगळा सपाट गवताळ प्रदेश. 1874 च्या ट्रीटी 4 (सरकारने मूळ लोकांशी केलेला करार) नंतर क्री, सोटो वगैरे मूळ लोकांची जमीन सरकारकडे गेली (आणि त्यांना काय मिळालं हा वेगळाच दुखरा विषय), मग 1880 च्या दशकात सुरुवातीला रेल्वे आली आणि 10 डॉलर फी भरा, 160 एकर घ्या, घर बांधा, जमीन कसा अशी स्कीम. खरंतर जॉन पॅलिसर हे संशोधक 1857 ते 60 मधे हा पट्टा फिरून सांगून गेले होते की इथे शेती होणार नाही, फार कोरडा आहे, पण चांगल्या पावसाच्या वर्षांत कोण ऐकतंय. 1914 मधे स्विफ्ट करंट रीतसर सिटी झालं.

भोवतालची खेडी म्हणजे रूरल म्युनिसिपालिटी, साधारण 18 मैल बाय 18 मैलांचे चौकोन, घरं एकमेकांपासून लांब लांब आणि डॉक्टर टिकेचना. त्यावर प्रांतातल्याच सार्निया म्युनिसिपालिटीने 1915 मधे उपाय काढला, डॉक्टर गाव सोडून जायला निघाला तर त्याला वर्षाला 1500 डॉलर देऊन थांबवलं, पैसे टॅक्समधून. ही आयडिया पसरली आणि म्युनिसिपल डॉक्टर ही प्रेअरीवरची (म्हणजे ह्या गवताळ प्रदेशातली) नेहमीची गोष्ट झाली.

मग 1930 चं दशक आलं. दुष्काळ, धुळीची वादळं, आणि 1932 मधे गव्हाचा भाव बुशेलला 40 सेंटच्याही खाली, त्यामुळे पेशंटकडे पैसे नाहीत आणि डॉक्टरांची बिलं थकलेली, लोक कोंबड्या न् जळणाची लाकडं देऊन फी भागवायचे.

1944 ला प्रांतात डग्लस यांचं सरकार आलं आणि हेल्थ रीजन, म्हणजे अनेक म्युनिसिपालिट्यांनी मिळून आरोग्यसेवा चालवायचा विभाग, करायची मुभा मिळाली. पण मुभा मिळून आपोआप काही होत नसतं! पिटव्हिल म्युनिसिपालिटीचे सेक्रेटरी-ट्रेझरर विल्यम बुराक (आपल्याकडच्या ग्रामसेवकासारखं पद) हे मागे लागले, आजूबाजूच्या म्युनिसिपालिट्यांना पत्रं लिहिली, लोकांना एकत्र आणलं, 1945 मधे मतदान झालं आणि लोकांनी होकार दिला. 1 जुलै 1946 पासून शहर आणि खेडी मिळून हेल्थ रीजन नंबर 1 सुरू. माणशी टॅक्स आणि जमिनीवरचा टॅक्स, त्यातून हॉस्पिटल पण आणि डॉक्टर पण, शिवाय मुलांचे दात सुद्धा. डॉक्टरांना पगार नाही, केलेल्या कामाप्रमाणे ठरलेली फी, त्यामुळे तिथले डॉक्टरही राजी होते. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण ‘असं चालूच शकत नाही’ म्हणणाऱ्यांना दाखवायला चालू असलेली गोष्ट होती.

संपूर्ण प्रांतात मेडिकेअर (डॉक्टरांचा खर्च भागवणारा सरकारी विमा) आलं 1 जुलै 1962 ला, म्हणजे बरोबर 16 वर्षांनी. तेव्हा वुड्रो लॉइड प्रीमियर होते आणि प्रांतातले बहुतेक डॉक्टर त्याच दिवशी विरोध म्हणून संपावर गेले, 23 दिवस. शेवटी तडजोड झाली, त्यातही केलेल्या कामाप्रमाणे फी हे तत्त्व राहिलं. 1966 मधे मेडिकेअरसाठी केंद्राचा कायदा झाला आणि पुढच्या काही वर्षांत एकेक करून सगळे प्रांत त्यात आले.