सार्वजनिक आरोग्य कार्यक्रमांतील औषधपुरवठा साखळी

सरकारी आरोग्य कार्यक्रमांना लागणारी औषधे, लसी, तपासणी संच, गर्भनिरोधके, मच्छरदाण्या इत्यादी साहित्याची निवड, गरजेचा अंदाज, खरेदी, गुणवत्ता तपासणी, साठवण, वाहतूक आणि वाटप करणारी व्यवस्था. माल कारखान्यातून मध्यवर्ती गोदामात, तेथून प्रांताच्या किंवा जिल्ह्याच्या भांडारात आणि शेवटी आरोग्यकेंद्रात उतरतो. वापराच्या नोंदी मात्र खालून वर जाव्या लागतात. विकसनशील देशांत ही साखळी खराब रस्ते आणि अपुऱ्या गाड्यांमुळे तुटते, असे सर्रास म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. पण खालची नोंद वेळेवर आणि खरी वर पोहोचत नाही, हे त्याहून मोठे दुखणे आहे. एका भांडारात मुदत संपलेल्या औषधाचे खोके पडून आहेत आणि शेजारच्या जिल्ह्यात तेच औषध मिळत नाही, ही स्थिती त्यातूनच उद्भवते.

काय साठवायचे, हे आधी ठरावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ मध्ये आवश्यक औषधांची पहिली यादी काढली आणि पुढे बहुतेक देशांनी आपापल्या याद्या केल्या. यादी आटोपशीर असली की खरेदी मोठ्या प्रमाणावर, म्हणून स्वस्तात होते, आणि भांडारपालालाही थोडेच प्रकार सांभाळावे लागतात.

खरी कसोटी लागते ती गरजेचा अंदाज बांधताना. मागील काही महिन्यांच्या वापरावरून मासिक सरासरी काढायची आणि माल पोहोचण्यास लागणारा काळ धरून कमाल व किमान साठा ठरवायचा, ही रूढ पद्धत. तिच्यात एक फसगत दडलेली आहे. समजा, एका केंद्राने तीन महिन्यांत ओआरएसची १८० पाकिटे वाटली. सरासरी महिन्याला ६० येते. पण त्या ९० दिवसांपैकी ४५ दिवस केंद्रात एकही पाकीट नव्हते. म्हणजे ही १८० पाकिटे ४५ दिवसांतच संपली. खरी गरज महिन्याला १२० ची आहे. वहीतल्या ६० च्या आकड्यावर पुढचा पुरवठा झाला, तर साठा आणखी लवकर संपतो. साठा नसलेल्या दिवसांची नोंद ठेवून सरासरी दुरुस्त करणे हा यावरचा साधा उपाय. तरीही कित्येक मागणीपत्रकांत या दिवसांसाठी रकानाच नसतो. याच्या उलट प्रकारही चालतो. मागितल्याच्या निम्मेच मिळते हे अनुभवाने कळलेली परिचारिका दुप्पट मागते, वरच्याला ते ठाऊक असल्याने तो आणखी छाटतो, आणि कोणत्याच आकड्याला अर्थ उरत नाही.

केंद्राने मागणी करायची आणि वरून माल पाठवायचा, ही मागणीवर चालणारी पद्धत. वरूनच वाटा ठरवून माल धाडणे ही दुसरी. सेनेगलमध्ये २०१२ च्या सुमारास गर्भनिरोधकांसाठी यांच्या मधली वाट काढण्यात आली. तोवर केंद्रांना जिल्हा भांडारात जाऊन, पैसे भरून माल आणावा लागे. हाती रोकड नसली की फळी रिकामी. नव्या पद्धतीत वाटपाची गाडीच ठरलेल्या वेळी दारात येऊ लागली. गाडीबरोबरचा माणूस उरलेला साठा मोजतो, ठरलेल्या पातळीपर्यंत भर घालतो आणि विकल्या गेलेल्या मालाचेच पैसे घेतो. परिचारिकेची हिशेबातून बरीच सुटका झाली आणि नेमका वापर किती, हेही त्याच फेरीत कळू लागले.

झांबियात २००९-१० मध्ये दोन पर्याय शेजारी शेजारी अजमावले गेले. एका गटात जिल्हा भांडाराला नियोजनासाठी स्वतंत्र माणूस दिला. दुसऱ्या गटात जिल्ह्यातला साठाच काढून टाकला : मध्यवर्ती गोदामातून प्रत्येक केंद्राच्या नावाची बांधलेली खोकी निघत आणि जिल्हा ती फक्त पुढे पोहोचवी. दुसरा पर्याय सरस ठरला. साखळीतला प्रत्येक मधला थांबा विलंब आणि चुका वाढवतो, हे यातून दिसले. टांझानियात त्याच सुमारास तीन जिल्ह्यांतील केंद्रांनी हिवतापाच्या औषधांचा साठा दर आठवड्याला साध्या एसएमएसने कळवण्यास सुरुवात केली. किमान एक औषध संपलेल्या केंद्रांचे प्रमाण २१ आठवड्यांत ७८ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आले.

खरेदीच्या बाबतीत तमिळनाडूचे उदाहरण नेहमी दिले जाते. तेथे १९९४ मध्ये स्थापन झालेले वैद्यकीय सेवा महामंडळ संपूर्ण राज्याची खरेदी एकत्र करते, नमुने उत्पादकाचे नाव झाकून प्रयोगशाळेत पाठवते आणि प्रत्येक रुग्णालयाला पासबुक देऊन त्यातील रकमेच्या मर्यादेत औषधे उचलू देते. गुणवत्ता तपासणीत काटकसर परवडत नाही : अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहापैकी एक वैद्यकीय उत्पादन निकृष्ट किंवा बनावट असते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१७ चा अंदाज आहे. देणगीदारांच्या निधीने क्षयरोग, एचआयव्ही, हिवताप यांसाठी वेगवेगळ्या साखळ्या उभ्या राहतात, तेव्हा औषधे मिळतात हे खरे; पण एकाच खोलीतल्या एकाच भांडारपालाला चार नमुन्यांत चार अहवाल भरावे लागतात.

लसींची शीतसाखळी हा स्वतंत्र विषय आहे. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. उष्णतेची धास्ती सर्वांना असते, गोठण्याची फारशी नसते. हिपॅटायटिस बी, पेंटाव्हॅलंट, धनुर्वात यांसारख्या अॅल्युमिनियमयुक्त लसी गोठल्या की निकामी होतात. म्हणून डीप फ्रीझरमधून काढलेला आईसपॅक लगेच लसवाहकात ठेवत नाहीत. तो बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाणी खळखळू लागेपर्यंत थांबतात. गर्दीच्या सकाळी नेमकी हीच पायरी गाळली जाते. १९९६ पासून तोंडावाटे द्यायच्या पोलिओ लसीच्या कुपीवर आणि पुढे इतर लसींवरही एक रंगदर्शक खूण येऊ लागली. वर्तुळातला फिकट चौकोन उष्णतेने गडद होत जातो आणि वर्तुळाच्या रंगाचा झाला की कुपी टाकून देतात. गोठलेली लस मात्र ही खूण ओळखू शकत नाही. भारतात २०१५ पासून ईविन प्रणालीत शीतसाखळी केंद्रांवरील लसींचा साठा मोबाइलवर आणि तापमान संवेदकांमार्फत नोंदवले जाते.

नवलाईच्या उपायांकडे लक्ष पटकन जाते. रवांडात २०१६ पासून ड्रोनने रक्त पोहोचवले जाते आणि तेथे ते शोभते : रक्त हलके, अल्पायुषी आणि केव्हा लागेल याचा नेम नसलेले. ओआरएस किंवा मच्छरदाण्यांच्या टनावारी मालाला ट्रकच लागतो.

मुदत हा शेवटचा पेच. नायजेरियाने डिसेंबर २०२१ मध्ये कोविड लसीचे दहा लाखांहून अधिक डोस नष्ट केले. देणगी म्हणून हाती पडले तेव्हाच त्यांची मुदत अवघ्या काही आठवड्यांची उरली होती. लवकर मुदत संपणारा माल आधी वाटावा, हा नियम अशा वेळी अपुरा पडतो. लहान केंद्रांत अडचण वेगळी असते. मुदतबाह्य माल नष्ट करायला समितीची मंजुरी लागते, ती महिनोन्‌महिने येत नाही आणि खोकी फळीवरच राहतात. वेगळी नोंद झाली नाही तर वहीत ती शिल्लक साठा म्हणून मोजली जातात, आणि केंद्राकडे पुरेसे औषध आहे असे समजून पुढची खेप थांबवली जाते.