विद्याशाखीय संशोधन : वैद्यक, शिक्षण आणि कला

विद्यापीठे, रुग्णालये, संशोधनसंस्था व अभ्यासमंडळे यांच्यामार्फत शिस्तीने चालणारा नव्या ज्ञानाचा शोध. प्रश्न निश्चित करायचा, आधीच्या कामाचा आढावा घ्यायचा, साधनसामग्री जमवून तिची छाननी करायची आणि निष्कर्ष इतरांना पडताळता येतील असे मांडायचे, एवढा क्रम सर्व विद्याशाखांत सारखा असतो. मतभेद सुरू होतात ते पुरावा कशाला म्हणायचे यावर. वैद्यकात तुलनेसाठी दुसरा गट नसेल तर दाव्याला वजन येत नाही. शिक्षणात मुलाला त्याच्या वर्गापासून, शिक्षकापासून व घरापासून वेगळे काढून मोजता येत नाही. कलांमध्ये तर पुष्कळदा एकच पोथी किंवा एकच भित्तिचित्र हाच अभ्यासविषय असतो.

वैद्यकातील तुलनेची कल्पना जुनी आहे. १७४७ मध्ये ब्रिटिश आरमारातील शल्यचिकित्सक जेम्स लिंड यांनी स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) झालेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला निराळा उपाय दिला. संत्री व लिंबू मिळालेली जोडी सर्वांत लवकर सावरली. कोणत्या रुग्णाला कोणता उपचार द्यायचा हे डॉक्टरच्या मर्जीवर न ठेवता यादृच्छिक, म्हणजे निव्वळ योगायोगाने निघणाऱ्या, आकड्यांवर सोपवण्याची पद्धत मात्र १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या ब्रिटिश चाचणीनंतर रुळली. मुंबईत प्लेगची साथ पसरलेली असताना वाल्डेमार हाफकिन यांनी आपली लस १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची परीक्षा केली. लस टोचलेले आणि न टोचलेले कैदी एकाच छपराखाली, एकाच अन्नावर राहत होते, त्यामुळे तुलना चोख झाली. आजची नैतिकता समिती असा प्रस्ताव सहजी पुढे सरकू देणार नाही. कैद्याचा होकार कितपत मोकळा मानायचा, हा तिचा पहिला प्रश्न असेल.

गडचिरोलीतील काम या संदर्भात अधिक बारकाईने पाहण्यासारखे आहे. राणी व अभय बंग यांनी १९८६ मध्ये तेथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून त्यांनी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले की ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा विचार तोवर बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यांपलीकडे फारसा जात नव्हता. पुढे नवजात बालकांच्या मृत्यूंकडे लक्ष वळले. ३९ गावांत ‘आरोग्यदूत’ म्हणून निवडलेल्या गावातल्याच स्त्रियांना बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि गरज पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे शिकवले गेले. ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. गावांची विभागणी यादृच्छिक नव्हती, हा या अभ्यासाच्या रचनेतील कच्चा दुवा. तरीही हे काम धोरणापर्यंत पोहोचले आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात बालसेवा देशभर स्वीकारली. अशा अभ्यासांत एक अडचण हटकून येते : घरी, डॉक्टरविना दगावलेल्या बाळाच्या मृत्यूचे कारण ठरवायचे कसे? त्यासाठी आईवडिलांना शेवटच्या दिवसांतील लक्षणे विचारून कारणाचा अंदाज बांधतात. प्रयोगशाळा येथे उपयोगी पडत नाही. साक्ष नीट ऐकावी लागते, आणि हे काम इतिहासकाराच्या कामापासून फार दूरचे नाही.

शिक्षणातील संशोधन दोन टोकांच्या मध्ये हेलकावे घेते. एका टोकाला डहाणूजवळचे कोसबाड. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला सुरू केलेले ग्रामबालशिक्षा केंद्र पुढे तेथे हलले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, गुरे चारणाऱ्यांसाठी कुरणात भरवायची, असे प्रयोग तेथे झाले. नियंत्रित गट, पूर्वचाचणी असले काही त्यांत नव्हते, पण ‘अंगणवाडी’ ही कल्पना तेथूनच आली आणि १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून ती देशभर गेली. दुसऱ्या टोकाला मुंबई व बडोदा येथील ‘बालसखी’ कार्यक्रमाचा अभ्यास येतो. ‘प्रथम’ या संस्थेच्या या कार्यक्रमात वस्तीतली एक तरुणी मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून शिकवी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोणत्या शाळेत बालसखी तिसरीला द्यायची व कोणत्या शाळेत चौथीला, हे यादृच्छिकपणे ठरवले. दुसऱ्या वर्षी गुणांत ०.२८ प्रमाण विचलनाइतकी (प्रमाण विचलन म्हणजे मुलांचे गुण सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत त्याचे माप) वाढ दिसली. कार्यक्रम थांबल्यानंतर वर्षभराने ती सुमारे ०.१० वर आली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचे खरे मोल त्या दुसऱ्या आकड्यात आहे, कारण शिकवलेले टिकते का, हे तपासायला सहसा कोणी परत जात नाही. या दोहोंच्या मध्ये बी.एड.च्या अभ्यासक्रमातील कृतिसंशोधन येते. आपल्याच वर्गातील अडचण शिक्षकाने स्वतः सोडवून पाहावी, हा त्याचा चांगला हेतू; पण पूर्वचाचणी, उपचारात्मक अध्यापन, उत्तरचाचणी या साच्यातून निघालेल्या अहवालांत बहुधा सगळ्यांचेच गुण वाढलेले दिसतात.

कलांच्या अभ्यासात वस्तूची निगराणी हाच संशोधनाचा पाया असतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेले महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. १,२५९ हस्तलिखिते त्यासाठी पाहिली गेली. १९२५ पासून १९४३ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, वि. सी. सुकथनकर प्रमुख संपादक होते. उत्तरेकडील व दक्षिणेकडील परंपरांचे पाठ शब्दागणिक ताडून, दोहोंत मिळणारा पाठ पत्करायचा आणि बाकीचे तळटीपांत किंवा परिशिष्टात ठेवायचे, असा नियम होता. त्यामुळे व्यासांचा लेखनिक झालेल्या गणपतीची घरोघर माहीत असलेली कथा परिशिष्टात गेली. श्रद्धावान वाचकाला हे रुचले नाही तरी वगळलेले सगळे त्याच पानावर किंवा त्याच खंडात हाताशी आहे.

अजिंठ्याची हकीकत मात्र उलट आहे. रॉबर्ट गिल यांनी अनेक वर्षे खपून केलेल्या भित्तिचित्रांच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही अनेक १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या. रंग उठून दिसावेत म्हणून ग्रिफिथ्स यांनी मूळ चित्रांवर व्हार्निश दिले, तेही पुढे चित्रांना बाधले. अभ्यासकाचा हात विषयाला इजा करू शकतो, हे वैद्यकाने नियमांत बांधले. कलाक्षेत्रात त्याची जाणीव उशिरा आली.

संगीतात विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी घराण्यांच्या कंठात असलेल्या बंदिशी मिळवून स्वरलिपीत उतरवल्या आणि रागांची दहा थाटांत, म्हणजे स्वरांच्या मूळ साच्यांत, मांडणी केली. कित्येक राग त्या थाटांत नीट बसत नाहीत, ही तक्रार गायक आजही करतात. गी पॉइतव्हँ व हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखावर जाते. या ओव्या साहित्य, संगीत की समाजशास्त्र, याचे उत्तर कोणत्याही एका विभागाकडे नाही. ब्रिटन व उत्तर युरोपात चित्र, नाटक किंवा रचना हेच संशोधन मानून पदवी देण्याची प्रथा रुळली आहे. आपल्याकडे बहुतेक विद्यापीठांना छापील प्रबंधच लागतो.

प्रशासनाने केलेली वाटणी यापेक्षा वेगळी आहे. महाराष्ट्रात वैद्यकीय अभ्यासक्रम १९९८ पासून नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहेत आणि एम.डी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध सक्तीचा आहे. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने इतर विद्यापीठांत चारच विद्याशाखा ठेवल्या व शिक्षणशास्त्र आंतरविद्याशाखीय अभ्यासात गेले. भारतात औषधांच्या चाचण्यांची आगाऊ नोंदणी २००९ पासून बंधनकारक आहे, त्यामुळे नकोसा निष्कर्ष दडपणे अवघड झाले. कला आणि शिक्षणात अशी नोंदणी नाही. तेथे भर नियतकालिकावर राहिला आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्यांचे फावले. त्यांना आवर घालण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘केअर’ ही मान्य नियतकालिकांची यादी आणली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती बंद केली आणि नियतकालिकांची पारख करण्याचे काम पुन्हा विद्यापीठांकडे आले.