व्हायब्रेटरने जाणीव कायमची मरते का?

व्हायब्रेटर म्हणजे लैंगिक सुखासाठी वापरायचं थरथरणारं उपकरण. ‘व्हायब्रेटर वापरला की तिथली जाणीव मरते, मग नवऱ्याच्या स्पर्शाने काही होत नाही,’ असं जळगाव-धुळ्याकडेही मैत्रिणी एकमेकींना दबक्या आवाजात सांगतात. हे खरं नाही. चालू घरघंटीवर हात टेकून ठेवला की तळव्याला मुंग्या येतात आणि थोड्या वेळाने जातात, तसंच हे. २००९च्या एका अमेरिकन पाहणीत व्हायब्रेटर वापरलेल्या सुमारे ७१ टक्के स्त्रियांनी कधीच काही त्रास झाला नसल्याचं सांगितलं.

बधिरपणा येतो तो जास्त वेग आणि एकाच जागी दाब यामुळे. म्हणून सुरुवात सगळ्यात कमी वेगावर, सुती चड्डीवरूनच करा. क्लिटोरिसवर, म्हणजे योनीमुख आणि लघवीची जागा यांच्या वर असलेल्या दाण्यावर, थेट टेकवू नका, बाजूने फिरवा. बधिर वाटलं की थांबा. आत घालायची अजिबात सक्ती नाही, बहुतेकींना बाहेरूनच सुख मिळतं.

कोरडेपणा असेल तर पाण्याचं ल्युब्रिकंट (ओलसरपणा देणारं जेल) घ्या, वाटाण्याएवढं पुरे. वाळलं की पुन्हा लावा. घरातलं शेंगदाण्याचं किंवा खोबरेल तेल नको: तेलाने लेटेक्सचा कंडोम फाटू शकतो. सिलिकॉनच्या व्हायब्रेटरला सिलिकॉनचं ल्युब्रिकंट लावलं तर पृष्ठभाग चिकट होऊ शकतो. रुंद बूड नसलेला व्हायब्रेटर गुदद्वारात कधीच घालू नका, तो आत ओढला जाऊ शकतो.

वापराआधी आणि नंतर सौम्य साबणाने धुवा, चार्जिंगच्या भोकात पाणी जाऊ देऊ नका, पूर्ण वाळवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवला तर बॅटरी खराब होते. दुखलं, रक्त आलं तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, लाजू नका.