मऊ व्हिनाइल आणि थॅलेटचा पेच

पीव्हीसीची पांढरी भुकटी १८७२ पासून माहीत होती, पण नुसती तापवली की वितळण्याआधीच हायड्रोजन क्लोराइड सोडून तपकिरी पडायची, आणि सुटलेला वायू पुढची नासाडी आणखी वाढवायचा. १९२६ मध्ये ती सहज न उडणाऱ्या जड द्रावकात गरम केली, तेव्हा थंड झाल्यावर रबरासारखा गोळा मिळाला. मऊ व्हिनाइल ते हेच.

पाइप आणि खिडक्यांच्या चौकटींत प्लास्टिसायझर, म्हणजे पीव्हीसी मऊ ठेवणारा असा द्रव, जवळजवळ नसतोच, १९४८ च्या एलपी रेकॉर्डचे व्हिनाइलही मऊ नव्हे. थॅलेट हे नेहमीचे प्लास्टिसायझर आरोग्याला घातक आहेत का, यावर भांडताना हे हमखास विसरले जाते. प्रश्न आहे तो केबलचे आवरण, रेग्झिन, नळ्या यांचा. इथे १०० भाग पीव्हीसीला साधारण ४० ते ६० भाग प्लास्टिसायझर पडतो. तो रासायनिक बंधाने जोडलेला नसतो, साखळ्यांच्या मधे नुसता बसलेला असतो. म्हणून केबल थर्माकोलला टेकून राहिली की तो तिकडे सरकतो: थर्माकोल विरघळतो, केबल कडक होऊन तडकते.

खेळण्यांत डीईएचपी या थॅलेटवर ०.१ टक्क्याची मर्यादा युरोपात २००५ च्या नियमाने आली. अडले ते रक्तपिशवीपाशी. १९५० च्या दशकात काचेच्या बाटलीची जागा घेणाऱ्या या पिशवीच्या वजनात ३० ते ४० टक्के डीईएचपी असतो आणि तो रक्तात उतरतो, हे १९७० च्या सुमारास दिसले. पण तोच लाल पेशींच्या आवरणात शिरून त्यांना फुटू देत नाही. ४२ दिवसांच्या साठवणीनंतर फुटलेल्या पेशींचे प्रमाण युरोपात ०.८ टक्क्याच्या आत लागते. डिंच किंवा सायट्रेट या थॅलेट नसलेल्या प्लास्टिसायझरांवर जायचे तर पेशी जास्त फुटतात, म्हणून साठवणीचे द्रावणही बदलावे लागते आणि प्रत्येक जोडीची चाचणी नव्याने. प्लेटलेटच्या पिशव्यांना प्राणवायू जास्त आत जाऊ देणारे प्लास्टिक हवे असल्याने तिथे पर्याय आधीच रुळले होते.

वैद्यकीय साधनांतून डीईएचपी काढण्याची युरोपातली मुदत २०२५ वरून १ जुलै २०३० वर गेली. लाल पेशींच्या पिशवीपुरती ही सवलत रास्तच. नवजात बाळांच्या नळ्यांना मात्र डीईएचपीचा असला काही फायदा नाही. त्यांना त्याच सवलतीत घालायला नको होते.