खाऱ्या पाण्यातल्या फ्लाय फिशिंगला निघण्यापूर्वी: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सहलीची नोंदणी झाली की हे पत्रक आम्ही लगेच देतो, कारण निघायला अजून सहा ते आठ आठवडे असतात आणि खरी तयारी तेवढ्यात, इथे कोल्हापुरातच व्हायची असते. मालदीव, लक्षद्वीप किंवा अंदमानच्या उथळ पाण्यात मासा दिसल्यापासून तो निघून जाईपर्यंत दहा-पंधरा सेकंद मिळतात. तेवढ्यात फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेलं हलकं खोटं भक्ष्य, त्याच्या वाटेवर पडली पाहिजे, त्याने ती पाहिली पाहिजे आणि गळ त्याच्या जबड्यात रुतला पाहिजे. तिथे उभं राहून शिकायला सवड नसते.

आधी एक सवय मोडा

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांनी पंचगंगेवर, कळंब्याला किंवा राधानगरीच्या बाजूला गरी टाकलेली असते. दोरा ताणला की हिसका देऊन काठी वर उचलायची, ही सवय हातात भिनलेली असते. समुद्रावर मासे निसटण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे. फ्लाय रॉड लवचीक असतो. तो वर उचलला की सगळा जोर रॉड वाकण्यात जातो, गळापर्यंत थोडाच पोहोचतो. ट्रेव्हली माशाचा जबडा हाडाचा, त्यात ६/० मापाचा जाड गळ एवढ्याशा जोराने रुतत नाही. शिवाय काठी उचलताच फ्लाय पाण्यातून वर येते आणि माशाला समोर काहीच दिसत नाही.

इथे रॉडचं टोक पाण्याला टेकलेलं आणि सरळ माशाकडे रोखलेलं हवं. माशाने फ्लाय घेतली की डाव्या हाताने लाइन मागे ओढायची, लांब आणि घट्ट. जड वाटलं तर पुन्हा एकदा ओढायची. रॉड तोवर हलवायचाच नाही. याला स्ट्रिप स्ट्राइक म्हणतात. मासा हुकला तरी फ्लाय फक्त हात-दीड हात पुढे सरकते आणि तोच मासा वळून पुन्हा येतो.

सराव घरात होतो. लाइनचं टोक कोणाला तरी धरायला द्या, तुम्ही पाठ करून हळूहळू लाइन खेचत राहा आणि त्यांनी न सांगता अचानक ओढायचं. रोज पन्नास वेळा. तीन आठवड्यांत हात आपोआप मागे जायला लागतो.

फेक

साध्या गळाला शिसं जड असतं आणि दोरा त्याच्यामागे जातो. फ्लायला जवळजवळ वजन नसतं. जड असते ती लाइन, आणि फ्लाय तिच्यामागे जाते. त्यामुळे ताकदीपेक्षा वेळ साधणं महत्त्वाचं. मागची लाइन पूर्ण उलगडण्याआधी हात पुढे आणला की फेक कोसळते. नव्या माणसाच्या दहापैकी आठ फेकी अशाच वाया जातात.

सरावाला तपोवन मैदानासारखं गवताचं मैदान घ्या. डांबर किंवा जांभ्या दगडावर लाइनचं वेष्टण खरवडतं. गळ कापलेली फ्लाय बांधा, डोळ्यांवर चष्मा ठेवा, मागे फिरायला आलेली माणसं आहेत का ते प्रत्येक फेकीआधी पाहा. घरातली परात १२, १५ आणि १८ मीटरवर ठेवा. हवेत जास्तीत जास्त दोन फेऱ्या मारून तिसऱ्या फेकीला परातीच्या एका मीटरच्या आत फ्लाय पडली पाहिजे. तीस मीटर फेकता येण्याला आम्ही महत्त्व देत नाही. पंधरा मीटरवर अचूक फेकणारा माणूस जास्त मासे धरतो.

पहाटे वारा पडलेला असतो, म्हणून फक्त पहाटेचा सराव पुरत नाही. दुपारी तीननंतर वाऱ्यात उभे राहा. वारा समोरून असेल तर पुढची फेक खाली आणि जोरात. पाठीमागून असेल तर मागची फेक खाली, पुढची उंच. उजव्या हाताने फेकणाऱ्याला उजवीकडून वारा आला की लाइन अंगावर येते. तेव्हा डाव्या खांद्यावरून फेका, नाहीतर सरळ पाठ फिरवून मागच्या फेकीनेच फ्लाय सोडा. कानात किंवा मानेत गळ बसण्याच्या घटना याच वाऱ्यात होतात. डाव्या हाताने लाइनला झटका देण्याची क्रिया, म्हणजे डबल हॉल, आली नसेल तर १२ नंबरचा रॉड (नंबर जितका मोठा तितकी लाइन आणि रॉड जड) अर्ध्या तासात खांदा मोडून टाकतो. तपोवनावरच्या सरावात आम्ही सर्वांत जास्त वेळ यालाच देतो.

सामान

दोन रॉड पुरतात, दोन्ही ९ फुटी आणि चार तुकड्यांचे. चार तुकड्यांचा रॉड सुटा केला की नळी साधारण पाऊण मीटरची होते आणि मोठ्या बॅगेत तिरकी बसते. ८ किंवा ९ नंबर बोनफिश, ब्लूफिन ट्रेव्हली, क्वीनफिश यांच्यासाठी. १२ नंबर जायंट ट्रेव्हलीसाठी, ज्याला सगळे जीटी म्हणतात. जीटीचा जागतिक विक्रम ७२.८ किलोचा आहे, २००६ मध्ये जपानच्या तोकारा बेटांवर धरलेला. फ्लायवर येणारे बहुतेक मासे त्याच्या पाव वजनाचेही नसतात, तरी हलक्या सामानाचा चुराडा करायला तेवढे पुरतात.

रीलमध्ये पैसे घाला. ड्रॅग, म्हणजे लाइन सुटताना तिला अडवणारा रीलचा ब्रेक, पूर्ण बंदिस्त असलेलं रील घ्या. उघड्या ड्रॅगमध्ये मीठ आणि वाळू शिरली की ड्रॅग झटक्याझटक्याने चालतो आणि त्या झटक्याला लीडर (लाइन आणि फ्लाय यांच्यामधला बारीक दोरा) तुटतो. ८ नंबरच्या रीलवर ३० पौंडी (म्हणजे ३० पौंडांची ओढ सोसणारं) बॅकिंग, लाइनच्या मागे भरायचा जादा दोरा, २०० मीटर, १२ नंबरच्या रीलवर ६५ ते ८० पौंडी वेणीचं बॅकिंग किमान २५० मीटर हवं. ते ओल्या फडक्यात धरून, घट्ट ताणूनच भरा. सैल भरलं तर माशाच्या ओढीने वरचा फेर खालच्या फेरांत घुसतो, रील जागीच अडकतं आणि पुढच्या क्षणी लाइन तुटते.

सर्वांत जास्त फसगत लाइनमध्ये होते. थंड प्रदेशातल्या ट्राउटसाठी बनवलेली लाइन उन्हात मऊ पडते, रॉडच्या कड्यांना चिकटते आणि फेक अर्ध्यावर थांबते. वेष्टनावर ‘ट्रॉपिकल’ लिहिलेलीच घ्या. १२ नंबरच्या लाइनचा गाभा किती पौंडांचा आहे तेही विचारा. नेहमीचा गाभा ३० पौंडांच्या आसपास असतो आणि प्रवाळाच्या कडेवर जीटी अडवायला तो कमी पडतो.

बोनफिशला ९ ते १२ फुटांचा, १२ ते १६ पौंडी फ्लोरोकार्बन (पाण्यात सहज न दिसणारा दोरा) टोकाचा निमुळता लीडर. जीटीला निमुळता वगैरे काही नको: १०० ते १३० पौंडी सलग तुकडा, ७ ते ९ फूट. बाराकुडा किंवा सुरमईच्या जागी फ्लायपुढे वीतभर तार लावा, त्यांचे दात फ्लोरोकार्बन कात्रीसारखे कापतात. गाठी कमी शिका पण पक्क्या शिका. फ्लायला न आवळणारा फासा, लाइन-लीडरला फाशात फासा, बॅकिंगला बिमिनी ट्विस्ट. प्रत्येक गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी आवळलेली गाठ घर्षणाने तापते आणि नेमकी तिथेच तुटते.

फ्लाय आम्ही देतो, पण स्वतः बांधणाऱ्यांसाठी सांगतो. बॉब क्लाउझर यांची क्लाउझर मिनो मूळ अमेरिकेतल्या नदीतल्या बास माशासाठी बांधलेली, तरी समुद्रात ती सगळीकडे चालते. डंबेलसारखे धातूचे डोळे गळाच्या दांड्यावर बांधल्याने गळ उलटा, टोक वर करून पोहतो आणि तळाला कमी अडकतो. पांढरी-पोपटी आणि पांढरी-तपकिरी, गळ १ ते २/०. बोनफिशला गळ ४ ते ८ च्या छोट्या कोळंबीच्या फ्लाय, जीटीला वीतभर लांबीच्या ६/० वरच्या. सगळ्या गळांच्या टोकामागचे उलटे काटे पक्कडीने दाबून आणा. मासा सोडताना ते बरं पडतंच, आणि स्वतःच्या हातात गळ घुसला तरी सहज निघतो.

ड्रॅग लावायला सामान मोजायचा स्प्रिंगकाटा घ्या. लाइन काट्याला बांधून सरळ ओढा. १६ पौंडी टोकाला १ ते १.५ किलोवर ड्रॅग सुटला पाहिजे, १२ नंबरला ६ ते ८ किलोवर. अंदाजाने लावलेला ड्रॅग नेहमी सैल निघतो.

भरती-ओहोटी

तारखा आम्ही पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास ठरवतो. उधाणात पाणी जास्त चढतं-उतरतं, प्रवाह जोरात असतो आणि त्याबरोबर मासा खोल कडेवरून उथळ मैदानावर येतो. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत पाणी संथ, मासाही संथ. भरतीचे पहिले दोन-तीन तास सर्वांत चांगले. ओहोटीत मासा ज्या नाळेतून परततो तिथे उभं राहायचं.

कोकणात पूर्ण भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात: चतुर्थीला साधारण तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. रोज भरती सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. हे गणित मालदीव-अंदमानला लावू नका, तिथल्या वेळा निराळ्या आहेत.

लांबच्या सहलीआधी शक्य असेल तर आमच्याबरोबर दोन दिवस मालवण-देवगडच्या खाड्यांवर या. फोंडा घाटाने चार तासांची वाट आहे. पाणी गढूळ असल्याने मासा दिसत नाही, पण जिताडा आणि तांबोशी यांच्यावर स्ट्रिप स्ट्राइक पक्का होतो. ९ नंबरचा रॉड, अर्धवट बुडणारी लाइन, टोकाला ४० पौंडी तुकडा. जिताड्याच्या कल्ल्याची कड सुरीसारखी असते, बोट आत घालू नका. जून-जुलैत या सहली बंद असतात. समुद्र खवळलेला असतो आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीवर बंदीही असते.

पाण्यात उतरल्यावर

बोटीवर वाटाड्या दिशा घड्याळाने सांगतो. बोटीचं नाक म्हणजे बारा. ‘अकरा वाजता, वीस मीटर’ ऐकलं की आधी रॉड त्या दिशेला धरा, मग मासा शोधा. तांबूस काचेचा पोलराइज्ड चष्मा नसेल तर मासा दिसणारच नाही, फक्त आकाश दिसेल.

पायाखालची लाइन दर दोन मिनिटांनी तपासा. मासा पळाला की ती सेकंदात उडते आणि बूट, बटण, पक्कड, जे सापडेल त्यात अडकते. लाइन बादलीत गोळा करा, बोटीचे हुक ओल्या टॉवेलने झाका. मासा लागल्यावर माशाकडे नंतर पाहा, आधी सैल लाइन कड्यांतून सुरळीत जाते का ते पाहा.

बोनफिशला छोटे ओढे आणि मध्ये थांबा. जीटीला रॉड काखेत धरून दोन्ही हातांनी जमेल तितक्या वेगाने ओढा, मासा मागे लागला की थांबू नका. थांबलेलं भक्ष्य त्याला संशयास्पद वाटतं. खेकड्याच्या फ्लायचं उलट: पडू द्या आणि हात आवरा.

झुंजीत रॉड उभा धरू नका, टोक तुटतं. रॉड आडवा आणि खाली, जोर कमरेतून. तालमीत उतरलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. मासा डावीकडे गेला तर उजवीकडे ओढा. झुंज लांबवली तर कोमट पाण्यात मासा दमून मरतो किंवा शार्क त्याला घेऊन जातो. बाहेर काढायचा तर दहा सेकंद, ओल्या हाताने, एक हात शेपटीच्या बुडाशी आणि दुसरा पोटाखाली. मग पाण्यात सरळ धरा आणि तो स्वतः जोराने सुटेपर्यंत सोडू नका.

जाड तळाचे रीफ बूटच घाला. चपला, सँडल चालणार नाहीत. पाय उचलून टाकू नका, वाळूवर घासत चाला म्हणजे पाकट आधीच सरकतं. पाकट किंवा स्टोनफिश डसला तर पाय सोसेल तितक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, अर्धा ते दीड तास ठेवा, मग डॉक्टर. प्रवाळाचा ओरखडा छोटा असला तरी त्याच दिवशी साबणाने धुवा, दुर्लक्षित जखमा तिथल्या दमट हवेत लवकर चिघळतात.

मोठा बाराकुडा किंवा प्रवाळातला मोठा शिकारी मासा खाऊ नका. त्यांच्या अंगात सिग्वाटेरा नावाचं विष साठलेलं असू शकतं आणि शिजवून ते जात नाही.

कागद आणि सामानाची बॅग

लक्षद्वीपला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो, त्याची कागदपत्रं आम्हाला महिनाभर आधी द्या. अंदमानात वंडूरच्या सागरी राष्ट्रीय उद्यानात आणि आदिवासी राखीव क्षेत्रात मासेमारी नाही. मालदीवमध्ये भारतीयांना ९० दिवसांपर्यंतचा पर्यटन व्हिसा विमानतळावर मिळतो. दारू नेता येत नाही आणि शार्क पकडण्यावर २०१० पासून बंदी आहे. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणूनही उचलू नका, भारतात तो गुन्हा आहे.

देशांतर्गत विमानात बहुतेक वेळा १५ किलो सामान मोफत असतं. गळ, पक्कड, कात्री चेक-इन बॅगेत. रील आणि लाइन हातातल्या बॅगेत, कारण बॅग हरवली तर उसना रॉड मिळतो, योग्य लाइन भरलेलं रील मिळत नाही.

रोज संध्याकाळी खोलीवर आल्यावर ड्रॅग घट्ट करून रील गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा. जोराच्या फवाऱ्याने मीठ उलट आत ढकललं जातं. पुसून ड्रॅग सैल सोडा आणि रॉडचे जोड सोडवून ठेवा. रात्रभर जोडलेले राहिले तर मिठाने ते घट्ट बसतात. वापरलेल्या फ्लाय कोरड्या डबीत परत टाकू नका, एका ओल्या गळाने सकाळपर्यंत शेजारचे सगळे गंजतात. घरी आल्यावर लाइन पूर्ण उलगडून कोमट साबणपाण्याच्या बादलीत अर्धा तास ठेवा, फडक्यातून ओढून पुसा आणि सावलीत वाळवून मगच रीलवर भरा.