साहाय्यित निवास : अमेरिकेतील अल्पसंख्याक समाजांतले निर्धन वृद्ध

साहाय्यित निवास म्हणजे वृद्धांच्या राहण्याची अशी व्यवस्था, जिथे खोली स्वतःची असते, तिला आतून कडी लावता येते आणि अंघोळ, कपडे, जेवण, औषधे यांसाठी माणूस हाकेच्या अंतरावर असतो. असिस्टेड लिव्हिंग या नावानेही ती मराठीत ओळखली जाते. अमेरिकेत नर्सिंग होम म्हणजे अंथरुणाला खिळलेल्यांची किंवा फार परावलंबी झालेल्यांची दीर्घकाळ शुश्रूषा करणारी संस्था. या नोंदीत तिला शुश्रूषागृह म्हटले आहे. एकट्याचे घर आणि शुश्रूषागृह यांच्या मधली पायरी म्हणजे साहाय्यित निवास. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय, लॅटिनो (लॅटिन अमेरिकी मुळाच्या), आशियाई आणि मूलनिवासी समाजांतल्या गरीब वृद्धांना ही मधली पायरी बहुधा मिळतच नाही. ती का मिळत नाही आणि ती मिळवण्यासाठी या समाजांनी काय काय केले, हा या नोंदीचा विषय आहे.

या व्यवस्थेचा आजचा साचा १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ओरेगन राज्यात घडला. केरेन ब्राउन विल्सन यांची आई ऐन पंचावन्नाव्या वर्षी पक्षाघाताने परावलंबी झाली आणि पुढची वर्षे तिला संस्थांमध्ये काढावी लागली. दार आपले, सामान आपले, उठायची वेळ आपली, एवढेच तिचे मागणे होते. ते प्रमाण मानून विल्सन यांनी पोर्टलंडमध्ये पहिली इमारत उभी केली. ओरेगनमध्ये पुढे सरकारी मदतीवरच्या वृद्धांनाही अशा घरांत जागा मिळू लागली. देशभर मात्र ही कल्पना बांधकाम व्यवसायाने उचलली आणि पैसेवाल्यांसाठी वाढवली.

छप्पर आणि हात

साहाय्यित निवासाचे बिल खरे तर दोन बिलांचे मिळून होते. एक छपराचे, म्हणजे खोली आणि जेवण. दुसरे हातांचे, म्हणजे मदतनीस आणि परिचारिका. गरीब वृद्धाची सगळी कोंडी या दोन बिलांच्या मधल्या फटीत आहे.

पासष्टी ओलांडलेल्यांचा सरकारी आरोग्य विमा मेडिकेअर. तो दवाखाना आणि औषधे बघतो, रोजच्या सांभाळाचे पैसे देत नाही. गरिबांसाठीची मेडिकेड योजना सांभाळाचे पैसे देते, पण कायद्याने तिला खोली-जेवणाचा खर्च शुश्रूषागृहातच उचलता येतो, साहाय्यित निवासात नाही. १९८१च्या कायद्याने राज्यांना खास परवानगी घेऊन शुश्रूषागृहाबाहेरही मेडिकेडचे हात पुरवता येऊ लागले. या परवानगीला वेव्हर म्हणतात. वेव्हरमधल्या जागा मात्र राज्य ठरवेल तेवढ्याच असतात, त्यामुळे प्रतीक्षायाद्या लागतात. शुश्रूषागृहाची खाट पात्र माणसाला हक्काने मिळते, घराजवळचा आधार रांगेत उभे राहून. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने ओल्मस्टेड खटल्यात सांगितले, की अपंग व्यक्तींना विनाकारण संस्थेत डांबून ठेवणे हा भेदभाव आहे. त्या निकालाचा वृद्धांनाही उपयोग झाला, पण रांग संपली नाही.

छपराची बाजू पाहणारे खाते वेगळे आहे. १९५९च्या गृहनिर्माण कायद्यातल्या कलम २०२ खाली ना-नफा संस्थांना वृद्धांसाठी घरे बांधायला केंद्र सरकार पैसे देते. वय ६२च्या पुढे आणि उत्पन्न त्या भागाच्या मधल्या उत्पन्नाच्या निम्म्याहून कमी, अशांना तिथे उत्पन्नाच्या ३० टक्के भाड्यात घर मिळते. घर मिळते, हात मिळत नाहीत. पासष्टीला हातीपायी धड असताना आत गेलेला माणूस ऐंशीला पोचतो, अंघोळीच्या टबचा काठ ओलांडता येईनासा होतो, आणि मदतीला कोणी नाही म्हणून चांगले घर सोडून त्याला शुश्रूषागृहाची वाट धरावी लागते.

आकडे पाहिले की फट किती रुंद आहे ते कळते. २०२४ साली साहाय्यित निवासाचा मध्यक खर्च महिन्याला सुमारे ५,९०० डॉलर होता. ज्यांना दुसरे उत्पन्न नाही अशा वृद्धांना केंद्राकडून मिळणारी एसएसआय मदत त्याच वर्षी महिन्याला जास्तीत जास्त ९४३ डॉलर होती. काही राज्ये तिच्यात आपली भर घालतात. मेडिकेडला पात्र ठरायचे तर बहुतेक राज्यांत एकट्या माणसाजवळ २,००० डॉलरहून अधिक शिल्लक चालत नाही (राहते घर सहसा यात धरत नाहीत). आधी होते नव्हते ते संपवायचे आणि मग अर्ज करायचा. साहाय्यित निवासात राहणाऱ्यांपैकी जेमतेम पाचातला एक मेडिकेडवर असतो. पुष्कळ ठिकाणी मेडिकेडवाल्याला घेतच नाहीत, किंवा पहिली काही वर्षे पदरचे पैसे भरल्यावरच घेतात.

रिकाम्या हातांनी आलेले म्हातारपण

हा खर्च मध्यमवर्गीय कुटुंबे बहुतेक वेळा राहते घर विकून भागवतात. १९३०च्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने रंगवल्या गेल्या आणि तिथे गृहकर्ज मिळेनासे झाले. घरखरेदीतला भेदभाव बेकायदा ठरला तो १९६८ साली. ज्यांना घर घेता आले नाही, किंवा पडत्या भावाच्या वस्तीतच घेता आले, त्यांच्याजवळ सत्तरीत विकायला काही नाही. निवृत्तिवेतनाचेही तेच. १९३५च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले होते, आणि दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांचा व नैर्ऋत्येतल्या मेक्सिकन लोकांचा मोठा भाग याच कामांत होता. १९५०च्या दशकातल्या दुरुस्त्यांनी ते आत आले, पण मधली वर्षे कोरडीच गेली. स्थलांतरितांसाठी १९९६च्या कायद्याने आणखी एक उंबरठा घातला: कायदेशीर कायम रहिवासी झाल्यावरही मेडिकेडसाठी साधारणपणे पाच वर्षे थांबायचे.

एक गोष्ट विशेष सलते. १९९३च्या कायद्याने, ५५ वर्षांनंतर ज्यांच्या दीर्घकालीन सांभाळावर मेडिकेडने खर्च केला त्यांच्या मृत्यूनंतर मागे राहिलेल्या मालमत्तेतून तो वसूल करणे राज्यांवर बंधनकारक आहे. नवरा, बायको, २१ वर्षांखालचे मूल किंवा अंध वा अपंग मूल हयात असेल तर वसुली थांबते, एरवी सहसा नाही. लाल रेघेच्या आत राहून कोणी हिकमतीने एक घर केले असेल, तर तेच नातवंडांकडे जाता जाता अडकते. या भीतीने कित्येक जण अर्जच करत नाहीत.

गरज मात्र याच समाजांत जास्त आहे. गोऱ्या वृद्धांच्या मानाने कृष्णवर्णीय वृद्धांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे दुप्पट, तर लॅटिनो वृद्धांत सुमारे दीडपट आहे. स्मृतिभ्रंशात बहुधा नंतर शिकलेली भाषा आधी पुसट होते. चाळीस वर्षे इंग्रजीत व्यवहार केलेली बाई रात्री दोनला बालपणीच्या बोलीत पाणी मागते. ते ऐकणाऱ्याला कळले नाही, तर ती पुन्हा मागते, आवाज चढतो, आणि नोंदवहीत ‘रुग्ण अस्वस्थ’ असा शेरा पडतो. पाण्याचा पेला द्यायचा तिथे झोपेची गोळी दिली जाऊ शकते. म्हणून मातृभाषा बोलणारा मदतनीस ही चैन नव्हे, उपचाराचाच भाग आहे, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

आपले दार आपण उघडले

गोऱ्यांच्या वृद्धाश्रमांत मज्जाव होता तेव्हापासून हे समाज आपापली घरे बांधत आले आहेत. १८६४ साली फिलाडेल्फियात वृद्ध आणि दुर्बळ कृष्णवर्णीयांसाठी एक आश्रम सुरू झाला. गुलामीत जन्मून पुढे लाकडाचे मोठे व्यापारी झालेले स्टीफन स्मिथ यांनी त्याला भूमी आणि पैसा दिला. या कामात क्वेकर या ख्रिस्ती पंथाची मंडळीही होती.

सगळ्यांत बोलकी कथा हॅरिएट टबमन यांच्या आश्रमाची आहे. शेकडो मैल रात्रीच्या अंधारात चालवत गुलामांना सोडवून आणणाऱ्या टबमन म्हातारपणी न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावी राहत आणि दारी येईल त्याला घरात घेत. १८९६ साली त्यांनी लिलावात शेजारची २५ एकर जमीन घेतली. आश्रम चालवण्याइतका पैसा जमेना, तेव्हा १९०३ मध्ये ती एएमई झायन या कृष्णवर्णीयांच्या चर्चच्या स्वाधीन केली. १९०८ साली आश्रम उघडला. प्रवेशासाठी १०० डॉलर भरायचा नियम झाला, तेव्हा टबमन संतापल्या. ज्याच्याजवळ काहीच नाही त्यालाच आत घ्यावे, असा नियम त्यांना हवा होता. शेवटी स्वतः आजारी पडून त्या १९११ मध्ये त्याच आश्रमात आल्या आणि १० मार्च १९१३ रोजी तिथेच वारल्या. चर्चचीही अडचण खरी होती, सरपण आणि पीठ कोणालाच फुकट मिळत नव्हते. पण तो १०० डॉलरचा प्रश्न आजही जशाचा तसा आहे.

कॅलिफोर्नियातल्या फिलिपिनो मजुरांची गोष्ट वेगळ्या एकाकीपणाची आहे. १९२०-३०च्या दशकांत आलेल्या या तरुणांना गोऱ्या स्त्रियांशी लग्न करायला कायद्याने बंदी होती (ती १९४८ साली उठली) आणि स्वतःच्या समाजातल्या स्त्रिया फार थोड्या होत्या. शतावरी आणि द्राक्षे तोडता तोडता ते म्हातारे झाले. मागे ना बायको, ना मूल. मोठ्या भावासाठीच्या ‘मानोंग’ या शब्दाने त्यांना आजही आदराने ओळखतात. डेलानोला १९६५ साली द्राक्षमळ्यांतला संप याच लोकांनी सुरू केला. मळेवाल्यांच्या छावण्यांतून त्यांना बाहेर पडावे लागले, तेव्हा शेतमजूर संघटनेने हजारो स्वयंसेवकांच्या श्रमातून त्यांच्यासाठी ‘अगबायानी व्हिलेज’ बांधले. ते १९७४ साली उघडले. संपाच्या धरण्यावर असताना मरण पावलेल्या पाउलो अगबायानी यांचे नाव त्याला दिले आहे. जन्मभर मजूरबराकीत निजलेल्यांना तिथे पहिल्यांदा स्वतःची खोली मिळाली.

सॅन फ्रान्सिस्कोच्या इंटरनॅशनल हॉटेलमधल्या मानोंगांच्या वाट्याला हे आले नाही. ४ ऑगस्ट १९७७च्या पहाटे पोलिसांनी हजारोंची मानवी साखळी तोडून तिथल्या वृद्ध फिलिपिनो आणि चिनी भाडेकरूंना बाहेर काढले. इमारत पाडली गेली आणि भूखंड वर्षानुवर्षे मोकळा पडून राहिला. २००५ साली त्याच जागी अल्प उत्पन्न असलेल्या वृद्धांसाठी शंभराहून अधिक घरांची इमारत उभी राहिली, तोवर १९७७च्या रहिवाशांपैकी बहुतेक जण हयात नव्हते.

त्या जागेजवळच, चायनाटाउन आणि नॉर्थ बीच भागात, १९७१ साली ऑन लोक ही संस्था निघाली. कँटोनीज नावाचा अर्थ शांत, सुखाचे घर. दंतवैद्य विल्यम जी आणि समाजसेविका मारी-लुईझ अन्साक यांना आधी शुश्रूषागृहच काढायचे होते. पण शहरातल्या जमिनीचे भाव आवाक्याबाहेर होते आणि म्हाताऱ्यांना आपला मोहल्ला सोडून कुठेच जायचे नव्हते. म्हणून ब्रिटनमधल्या दिवसभराच्या दवाखान्यांचा धडा घेऊन त्यांनी दिवसकेंद्र काढले: सकाळी गाडीने आणायचे, तिथेच डॉक्टर, व्यायाम, ओळखीचे जेवण आणि ओळखीची भाषा, संध्याकाळी घरी सोडायचे. १९८० साली कलम २०२च्या पैशांतून संस्थेने घरांची इमारतही उभी केली. छप्पर आणि हात यांची गाठ इथे एकाच संस्थेने घातली. हे प्रारूप पुढे पेस या नावाने देशभर गेले आणि १९९७च्या कायद्याने त्याला मेडिकेअरमध्ये कायमची जागा मिळाली. शुश्रूषागृहात ठेवण्याजोगी अवस्था असूनही घरी राहू शकणाऱ्या, ५५च्या पुढच्या माणसाचा सगळा सांभाळ ठरावीक मासिक रकमेत एकच संस्था करते. घराचे भाडे मात्र पेसमध्येही धरलेले नाही.

अशा संस्था टिकवणे अवघड आहे, हे लॉस एंजेलिसच्या केइरोने दाखवले. १९६१ साली जपानी-अमेरिकन पुढाऱ्यांनी स्थापन केलेल्या या संस्थेने आपली चारही निवासस्थाने २०१६ मध्ये एका नफ्यावर चालणाऱ्या कंपनीला विकली. समाजातून कडाडून विरोध झाला, सह्या झाल्या, सभा झाल्या. बदलते सरकारी दर आणि पांगत चाललेला समाज ही संस्थेची बाजू होती. वर्गणीतून उभे राहिलेले घर विकायचा अधिकार नेमका कोणाचा, हा मुद्दा तिथे शेवटपर्यंत मिटला नाही.

मूलनिवासी जमातींच्या राखीव प्रदेशांत तर जवळचे शुश्रूषागृह कित्येकदा तासन्‌तासांच्या वाटेवर असते. २०१० साली भारतीय आरोग्य सेवा या केंद्रीय खात्याला (इथे ‘भारतीय’ म्हणजे अमेरिकेचे मूलनिवासी) साहाय्यित निवासासह दीर्घकालीन सांभाळ पुरवण्याचा अधिकार मिळाला. अधिकार मिळाला, पण त्यासाठी वेगळा निधी आला नाही.

सहा खाटांची घरे

मोठ्या इमारतींबाहेर पाहिले तर गरीब वृद्धांचा बराच सांभाळ साध्या वस्तीतल्या घरांत चालतो. याचे मूळही १९३५च्या कायद्यात आहे: सरकारी अनाथ-वृद्धगृहात राहणाऱ्याला वृद्धापकाळाची मदत मिळणार नाही, अशी अट होती, म्हणून खासगी खाणावळीवजा घरे फोफावली. आज कॅलिफोर्नियात सहा किंवा कमी वृद्धांच्या घराला नगररचनेच्या नियमांत साध्या कुटुंबाच्या घरासारखेच धरतात, आणि अशी कितीतरी घरे फिलिपिनो कुटुंबे चालवतात. उत्तम चाललेल्या घरात म्हातारीला पातळ भात हवा की घट्ट हे स्वयंपाकघरात ठाऊक असते. वाईट चाललेल्या घरात एकच बाई दिवसरात्र राबते, तिथेच झोपते आणि रात्री चारदा उठल्याचे वेतन तिला मिळत नाही.

देशभर हे काम बहुतांशी स्त्रियाच करतात, त्यांत कृष्णवर्णीय आणि स्थलांतरित स्त्रियांचा वाटा फार मोठा आहे, आणि वेतन इतके तुटपुंजे, की त्यांच्यापैकी अनेक जणी स्वतः मेडिकेडवर असतात. दुसऱ्याच्या आईला टबमधून उचलताना त्यांच्या पाठी जातात. त्या साठीला आल्या की त्यांच्या हातातही तोच अर्ज येतो, तीच २,००० डॉलरची अट आणि तीच यादी.